खरड छाटणीचा धूर

धूर दिसला की मला आधी राग येतो आणि मग लाज वाटते. हा क्रम दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ठरून गेला. अजून बदललेला नाही.

परवा पुन्हा तेच. स्कूटरवरून आग्रा रोडने पिंपळगावकडे चालले होते. दुपारचे चार वाजलेले. रस्ता असा तापलेला, की पुढच्या टेम्पोची चाकं पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. द्राक्षं संपली की या पट्ट्याचा चेहराच बदलतो. मार्चपर्यंत पॅकहाउसच्या दारात क्रेटचे मनोरे, बायकांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या, गाड्यांच्या रांगा आणि सगळ्यावर पसरलेला एक आंबटगोड वास. एप्रिल लागतो आणि हे सगळं एकदम ओसरतं. मग कात्र्या निघतात.

खरड छाटणी. शब्दच असा आहे की ऐकताना अंगावरची सालटं निघाल्यासारखं वाटतं. ज्या वेलीने घड पोसले तिला छाटून एक-दोन डोळ्यांवर, कोंब फुटायच्या जागांवर, आणून ठेवायचं. कालपर्यंत मांडवाखाली गार सावली होती, आज तिथे तारांवर हात पसरून उभी असलेली काळपट खोडं. नवख्याला वाटेल, बाग मेली. आणि ओळींच्या मधल्या वाटांवर काड्याच काड्या. आठ दिवसांत उन्हाने वाळून कडकडीत होतात. पायाखाली मोडतात तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मग कुठल्यातरी बांधावर कुणीतरी काडी ओढतं.

काड्यांचा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो. लाकडाचा डोळ्यांत जातो, हा घशात बसतो. त्यात करपलेल्या गुळाचा वास असतो आणि वर्षभर मारलेल्या औषधांचा. तो वास आला की मी चोवीस वर्षांची होते, माझ्यामागे एक फ्लेक्स असतो आणि माझ्यासमोर पस्तीस शिक्षक गप्प बसलेले असतात.

मी पत्रकांत वाढले. म्हणजे जेवूखाऊ आईवडिलांनी घातलं, पण बोलायला शिकवलं ते पत्रकांनी. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लिहीत होते. एका घडीची, एका शाईत छापलेली, चार पानी. पत्रकाचं एक बरं असतं, त्यात ‘पण’ हा शब्द लागत नाही. ‘हे थांबलंच पाहिजे’ लिहायचं, उद्गारचिन्ह ठोकायचं, पुढच्या चौकात वाटायला जायचं. ज्याने वाचून खिशात घातलं तो आपला, ज्याने चुरगळून टाकलं तो शत्रू. जग असं दोन खिशांत नीट मावत होतं.

आमच्या छोट्या संस्थेकडे तेव्हा एक काम आलं. माध्यमिक शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना चक्रीय अर्थव्यवस्था कशी शिकवायची ते शिकवायचं. वस्तू बनवा, वापरा, फेका ही सरळ रेघ वाकवून तिचं वर्तुळ कसं करायचं. जंगलात पडलेलं पान जसं वाया जात नाही तसं शेतात, कारखान्यात, घरात काय काय करता येईल. आणि हे सगळं नववी-दहावीच्या आहे त्याच धड्यांत कुठे बसवायचं. तीन दिवसांचं प्रशिक्षण. तिसऱ्या दिवशी एका शिक्षकाने खऱ्या मुलांसमोर नमुना पाठ घ्यायचा. मला वाटलं, हे तर पत्रकच आहे, फक्त लांब.

शाळा पिंपळगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चहूबाजूंनी बागा. तिथले विज्ञान शिक्षक आहेर सर आमचे यजमान. पन्नाशीचे, उंच, आवाज खालचा. बोटांना काळपट चिरा पडलेल्या. त्या खडूमुळे पडल्या असतील असं मी धरून चालले. शहरातल्या माणसाची समज एवढीच असते. जागा, खुर्च्या, प्रोजेक्टर, जेवण सगळं तेच बघत होते आणि फोनवर दर वाक्याला ‘काळजी नका करू मॅडम’ म्हणत होते. नमुना पाठही तेच घेणार होते.

आदल्या दिवशी, रविवारी, मी हॉल बघायला गेले. शिपाईमामांनी कुलूप काढून दिलं.

“सर कुठेत?”

“खुर्च्या आणायला गेलेत. आन् मधी मळ्यात पन एक चक्कर हाय त्यांची. लय धावपळ चाललीय सरांची तुमच्यापायी.”

परतताना ओढ्यावरच्या मोरीपाशी तो धूर दिसला. सरळ वर गेलेला खांब, खाली ओकीबोकी बाग, कडेला निळ्या पत्र्याची शेड. मी गाडी बंद केली, मोरीच्या कठड्यावर चढले आणि फोटो काढला. छान आला. राग आला होता, तरी फोटो छान आला याचा आनंदही झाला, हे आता कबूल करते. घरी येऊन पहिल्याच स्लाइडवर तो टाकला. खाली लाल अक्षरांत लिहिलं, ‘हा गुन्हा कुणाचा?’

सोमवारी सकाळी मी फाटकात उभी राहून शिक्षकांचं स्वागत करत होते. सगळ्यांना निरोप दिला होता की येताना घरातली एक टाकाऊ वस्तू आणा. तर माझ्या डोळ्यांदेखत तीन सरांनी समोरच्या टपरीवरून पाण्याच्या नव्या बाटल्या घेतल्या, फाटकाशेजारच्या गुलमोहोराच्या बुंध्यात पाणी ओतलं आणि रिकाम्या बाटल्या हातात धरून आत आले.

“सर, हे काय?”

“टाकाऊ वस्तू, मॅडम. घरची टेबलावरच राहिली.”

दुसरे म्हणाले, “विज्ञान प्रदर्शनात असंच असतं की. टाकाऊतून टिकाऊ. पोरं दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणतात, फुलदाणी करतात, तालुक्याला नंबर येतो.”

मी तिथेच त्यांना ऐकवलं. फेकण्यासाठी वस्तू विकत आणणारा समाज वगैरे. तो भाग मला पाठ होता. हॉलमध्ये गेल्यावरही माझं तेच चालू होतं, तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. बुटक्या, सावळ्या, कपाळावर बारीक टिकली, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतल्या भोये मॅडम.

“मॅडम, तुमच्या मागचं ते फ्लेक्स तीन दिवसांनी कुठं लावणार?”

फ्लेक्सवर विषय, तारखा आणि शाळेचं नाव छापलेलं. दुसरीकडे कुठेही निरुपयोगी. शिवाय प्लास्टिक. हॉल खदखदून हसला. मीही हसले. दातओठ खात. आणि मग आवाज चढवून पहिली स्लाइड लावली.

“हा गुन्हा कुणाचा?”

शिक्षकांनी भरलेल्या हॉलमध्ये खरी शांतता कधी नसते. परीक्षा नुकत्या संपलेल्या, निम्मे जण मांडीवर उत्तरपत्रिका तपासत असतात, लाल पेनांची करकर चालू असते. ती करकर थांबली. कुणीतरी हळूच म्हणालं, “निळी शेड...” आणि शेजारचा पुटपुटला, “गप ना.” मला वाटलं, फोटो काळजाला भिडला. मी त्या एका धुरावर पंधरा मिनिटं बोलले. अज्ञान, बेजबाबदारपणा, सुशिक्षितांचं मौन. आहेर सर दाराशी पाण्याचा जग घेऊन उभे होते. त्यांनी जग अलगद खिडकीत ठेवला आणि जेवणाचं बघायला निघून गेले.

जेवायला शेवभाजी होती, भाकरी, ठेचा, ताक. भोये मॅडम ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

“भाजी कशी झालीय?”

“मस्त झालीय.”

“आहेर सरांच्या मिसेसनी पहाटेपासून चुलीपुढं बसून केलीय.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “तुम्ही ज्यांची बाग दाखवली ना, त्यांच्याच घरचं जेवताय.”

तो घास मी गिळला, एवढं आठवतं. कसा गिळला ते आठवत नाही.

दुपारी सर स्वतःच माझ्याकडे आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “मॅडम, परवाचा नमुना पाठ दुसऱ्या कुणाला द्या.”

“सर, मला खरंच माहीत नव्हतं...”

“तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाही. काड्या जळाल्या हे खरंय. पण परवा माझीच नववी येणार. निम्मी पोरं माझ्या बागेवरून शाळेत येतात, धूर त्यांनी बघितलाय. त्यांना मी सांगू, काही वाया घालवू नका? कोणत्या तोंडानं?” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “सत्तावीस वर्षं शिकवतोय. मास्तरचं गणित चुकलं तर पोरं माफ करतात. दुतोंडी मास्तर नाही माफ करत. शाळेत बसणाऱ्याला हे बाहेरून नाही कळायचं.”

हा माणूस त्याच गावात राहणार होता, त्याच पोरांना दहावीत शिकवणार होता. मी तीन दिवसांनी स्कूटरला किक मारून निघून जाणार होते.

संध्याकाळी एसटीची वाट बघत भोये मॅडम व्हरांड्यात बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, माफी मागायला जाऊ का.

“जा की. फ्लेक्स नेऊ नका म्हणजे झालं.”

मला हसू आलं नाही. त्यांनाच आलं. मग त्या म्हणाल्या, “माझ्या शाळेतल्या पोरांचे आईबाप आत्ता इकडंच आहेत, या बागांमधून कात्री चालवतायत. आठवड्याभरात घरी येतील आणि काय करतील माहितीय? जाळतील. राब भाजतील. शेताच्या तुकड्यावर पाला, शेण, काटक्या पसरायच्या आणि पेटवायच्या. त्या राखेत नागलीचं रोप चांगलं येतं, तण जळून जातं. मग आमचा पण फोटो काढणार का?”

मी म्हटलं, “ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

पत्रकात त्याला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बागेत पोचले. ऊन अजून तिरपं होतं, तारांच्या सावल्या मातीवर वहीच्या रेघांसारख्या पडलेल्या. बांधावर राखेचा मोठा काळापांढरा गोल. सर खोडांना काहीतरी चोपडत होते, त्यांच्या मिसेस, म्हणजे काकू, पलीकडच्या ओळीत. वाटेत मी माफीचं वाक्य घोकलं होतं आणि ते तसंच म्हणून टाकलं. ऐकताना मलाच ते पत्रकातलं वाटलं.

एका खोडाची सुटलेली साल सरांनी अंगठ्याने उचलली. आत कापूस चिकटल्यासारखं पांढरं.

“मिलीबग. सालीत, काडीत लपून राहतो आणि पुढच्या सालाला घडात उतरतो. असल्या काड्यांची कुट्टी करून बागेतच पसरली, तर तुमच्या त्या वर्तुळात रोग पण गोल फिरतो, मॅडम. हे तुमच्या स्लाइडमध्ये नव्हतं.”

मला एवढं हलकं वाटलं! गुन्हेगार निर्दोष सुटला आणि त्याच्याबरोबर मीही.

“म्हणजे जाळणं बरोबरच होतं सर!”

पलीकडून काकू म्हणाल्या, “सगळ्याच वळींना कुठं व्हता...”

“तू च्या ठेव जरा,” सर म्हणाले.

मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही. सुटका झालेल्या माणसाचे कान बंद होतात.

“फोटो कुठून घेतला?” सरांनी विचारलं.

“त्या मोरीवरून.”

“गाडी बंद केली होती?”

“हो.”

“मग दोन पावलं आत यायचं ना. पाणी तरी दिलं असतं.”

टोमणा असता तर परवडलं असतं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पाहुणा दारावरून गेला याचं साधं वाईट वाटणं होतं. सहा वर्षं मी पत्रकं वाटत फिरले; किती दारांत आत गेले, ते त्या दिवशी पहिल्यांदा मोजायला घेतलं आणि लवकरच सोडून दिलं.

“उद्याचा पाठ घ्याल ना सर?”

“बघतो.”

आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही.

तो दुसरा दिवस कोरड्या भाकरीसारखा गेला. सर हॉलमध्ये आले नाहीत, खुर्च्या मात्र रांगेत लागलेल्या होत्या आणि जेवण वेळेवर आलं. मी चुकीची भरपाई करायच्या नादात दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं, डोंगरातले पाडे बघा, तिथे काहीच वाया जात नाही, आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे. भोये मॅडमनी गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला.

“मॅडम, कौतुक नका करू. आम्ही कंदिलाच्या तुटलेल्या चिमणीचा प्रयोगाला चंबू करतो, खरंय. नसतो म्हणून करतो. माझ्या प्रयोगशाळेत एक धड बीकर नाही. मला पुन्हा वापरायला आधी एक नवीन बीकर पाहिजे.”

त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या फोटोला नव्हत्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नववीची मुलं आली. सुट्टी लागलेली, तरी एकही गैरहजर नाही. मला वाटलं, काय ही ज्ञानाची ओढ. एका मुलीने खुलासा केला, “निकाल लागायचाय ना ताई, म्हणून आलो.” सर नव्हते. साडेनऊ वाजले. मी स्वतः पाठ घ्यायची तयारी केली. खडू उचलला, तो हातात मोडला. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. मागे कॅरिअरला घमेलं बांधलेलं आणि सुतळीने आवळलेल्या काड्यांच्या दोन मोळ्या. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मुलांना म्हणाले, “चला, बाहेर.”

सगळे मैदानात उभे राहिलो, मुलं पुढे, पस्तीस शिक्षक मागे. प्रयोगशाळेतला जुना तराजू सरांनी ओट्यावर ठेवला. दोन मोळ्या दोन पारड्यांत. मुलांनी एकेक काडी कमी-जास्त करत काटा मधोमध आणला. मग एक मोळी घमेल्यात घालून त्यांनी पेटवली. वाळलेली काडी बोलत जळते, तडतड, तडतड. धूर आमच्याच अंगावर आला. कुणी हललं नाही. आग विझली, घमेलं निवलं, आणि सरांनी राख कागदावर घेऊन रिकाम्या पारड्यात ठेवली. मोळीचं पारडं होतं तसं खालीच राहिलं. राखेचं वर. मूठभर राख.

“द्रव्य अक्षय्यतेचा नियम कोण सांगतो?”

सगळ्यांनी एका सुरात सांगितला. द्रव्य निर्माण होत नाही, नष्ट होत नाही.

“मग बाकीचं कुठंय?”

वैष्णवी नावाची एक किडकिडीत मुलगी म्हणाली, “वर गेलं सर. धुरात.” तिने हात वर केला आणि सगळ्यांनी नकळत वर बघितलं. आभाळ निळंशार होतं. काही दिसत नव्हतं.

“कुठं गेलं ते मला माहीत आहे,” सर म्हणाले. “परत आणता येत नाही. मातीतून वर्षभर जे वर आलं ते मातीत जाऊ शकत होतं. रविवारी मी माझ्या बागेत हेच केलं. तुमच्यातल्या कुणी कुणी बघितलं?”

हात वर यायला वेळ लागला. आधी एक आला. मग सात-आठ.

“का केलं ते सांगतो. काड्यांमध्ये मिलीबग होता.” त्यांनी एक काडी सोलून फिरवली. मुलांनी माना डोलावल्या. सगळी बागायतदारांचीच, मला सांगावं लागलं तसं त्यांना हे सांगावं लागत नव्हतं. पाठ इथे संपला असता. सर सुटले असते. मीही.

वैष्णवीने विचारलं, “सर, सगळ्या काड्यांमध्ये होता का?”

मला काकूंचं अर्धं वाक्य आठवलं. मी सरांच्या बोटांकडे बघत होते, ती काडी गोल गोल फिरवत होती.

“नाही,” ते म्हणाले. “चार ओळींत होता.”

“आणि बाकीच्या?”

“चांगल्या होत्या.”

“मग कशाला जाळल्या?”

“घाई होती. कुट्टीचं मशीन गावात एकच. माझा नंबर मंगळवारी होता. मशीनपाशी आपला माणूस उभा पाहिजे, काड्या वेगळ्या करायला पाहिजेत. मला सोमवारपासून वेळ नव्हता.”

“का सर? सुट्टीच आहे ना?”

आहेर सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“सोमवारपासून इथं प्रशिक्षण होतं. काही वाया जाऊ देऊ नये, हे तुम्हाला कसं शिकवायचं, त्याचं.”

मग वैष्णवी फिसकन हसली, मग सगळी नववी, मग मागचे पस्तीस. भोये मॅडम पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि सर, तीन दिवसांत पहिल्यांदा, मोकळे हसले. हसत होते आणि चष्म्याखालून डोळेही पुसत होते. धूर बराच होता, तो कशामुळे ते मी ठरवणार नाही. कुणी त्यांना दुतोंडी म्हणालं नाही. उलट पुढचा अर्धा तास मुलं गप्पच होईनात. आमचे पप्पा पण जाळतात. आमच्याकडे मशीन येतं पण पप्पा रोगाच्या काड्या निवडत नाहीत. छाटल्यावर कसं ओळखू येणार, सगळ्या सारख्याच दिसतात. त्यावर वैष्णवी म्हणाली, छाटल्यावर कशाला, घड असतानाच कळतं ना कोणत्या वेलीवर आहे. तेव्हाच तिला चिंधी बांधून ठेवायची. आईच्या जुन्या साडीची.

माझ्या एकशेबारा स्लाइडमध्ये चिंधी नव्हती.

मागे लाल पेनं बंद होती. एका सरांनी, त्याच बाटलीवाल्या, पेपरांच्या गठ्ठ्याच्या पाठीवर काहीतरी लिहून घेतलं. मी जवळून बघितलं. लिहिलं होतं, ‘आपली चूक वर्गात न्यावी. वजन करावं.’

गेली दोन वर्षं मी अशी प्रशिक्षणं घेते. फ्लेक्स करत नाही. फळ्यावर खडूने लिहिते, संध्याकाळी पुसते. राग माझा कमी झालेला नाही, कुणी तसं समजू नये. एकच मशीन अख्ख्या गावाला आणि बांधावरच्या माणसाला उपदेश, याचा राग येतो. ज्या शाळेत धड बीकर नाही तिथे वर्तुळांची रंगीत पुस्तकं पाठवणाऱ्यांचा तर फारच येतो. यंदाच्या पत्रकात मी तो राग ओतलाय. फक्त त्यात दोन-तीन ठिकाणी ‘पण’ आलाय. छापणाऱ्याने विचारलं, हे असं कचखाऊ का लिहिलं? म्हटलं, राहू दे.

आणि एप्रिल आला की तो वास येतोच. चांगल्या चांगल्या बागांचे धूर दिसतात. प्रत्येक धुराखाली एक माणूस असतो आणि त्याच्याकडे एक कारण असतं. त्या कारणाच्या मागे बहुतेकदा दुसरं एक कारण असतं, ते सांगायला त्याला वर्गभर पोरं लागतात किंवा शेजारच्या ओळीतून बोलणारी बायको. मला एवढंच कळलंय. हे पत्रकात कसं लिहायचं ते अजून कळलेलं नाही.

परवा त्या मोरीपाशी आले आणि धूर दिसला. निळ्या शेडच्या बाजूनेच. बारीक, पण धूरच. आधी राग आला. हात पर्सकडे, फोनकडे गेला. खोटं कशाला सांगू, गेला. गाडी बंद केली. कठड्यापाशी उभी राहिले. आणि मग खाली उतरून बागेत शिरले.

पायाखाली काडी मोडल्याचा आवाज आला नाही. ओळींच्या मधे कुट्टीचा जाड थर होता, ओलसर, पाय रुतत होता. काही वेलींना चिंध्या बांधलेल्या, जांभळ्या, पोपटी, एक जरीच्या काठाची. अगदी टोकाला, बांधावर, एक छोटा ढीग जळत होता आणि शेजारी आहेर सर काठी घेऊन उभे.

“सर.”

ते वळले. माझ्याकडे बघितलं, मग धुराकडे.

“या वर्षी सहा ओळी झाल्या, मॅडम,” म्हणाले. “वाढलाय. एवढ्या जाळल्याच. बाकीच्या नाही.”

लपवायचं काही नव्हतं आणि मिरवायचंही काही नव्हतं. काकू शेडमधून तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या.

“आधी पाणी घ्या. उन्हाच्या आल्यात. फोटो मंग काढा.”

“फोटो नाही काढायचा काकू.”

“मंग पाणी तरी घ्या.”

पाणी माठातलं होतं, गार. त्याला काड्यांच्या धुराचा वास लागला होता. मी दोन फुलपात्रं प्यायले.